महसीर, गळ आणि नोंदवही: हौशी लोकांच्या कागदांतून इतिहास कसा काढायचा?

संशोधनाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "छंदावर पीएच.डी. होऊ शकते का? म्हणजे पतंग, कबुतरं, गळ टाकून मासे धरणं असल्या गोष्टींवर? आणि होत असेल तर पुरावे आणायचे कुठून?"

होऊ शकते. पुरावेही भरपूर असतात. फक्त ते दफ्तरखान्यातल्या फाईलींत कमी आणि हौशी लोकांच्या कपाटांत जास्त असतात: जुनी पुस्तकं, क्लबच्या वह्या, फोटो, सामानाचे कॅटलॉग, कोणी किती वजनाचा मासा धरला त्याच्या याद्या. हे सगळं लोकांनी स्वतःच्या आनंदासाठी लिहिलेलं असतं. अभ्यासकाला डोळ्यांसमोर ठेवून कोणी वही भरत नाही. त्यामुळे असा कागद वाचताना दोन प्रश्न सतत विचारावे लागतात. एक, हे कोणी कोणासाठी लिहिलं? दोन, या नोंदीत कशाचा रकाना आहे आणि कशाचा नाही? या लेखात मी हे दोन प्रश्न एकाच माशावर चालवून दाखवणार आहे. मासा आहे महसीर. गोष्ट पुण्याच्या मुळा-मुठेतून निघून कर्नाटकातल्या कावेरीत जाते, आणि तिचा शेवट तितकासा गोड नाही.

सुरुवातीला शब्दांचं. जाळं, सापळा, पाग वापरून पोटासाठी मासेमारी करणारे वेगळे आणि काठी, दोरी, गळ घेऊन मजेसाठी बसणारे वेगळे. या दुसऱ्यांना अँगलर म्हणतात. कोकणात गरी टाकून बसणारे हौशी लोक तुम्ही पाहिले असतील, मुंबईत पवई तलावाकाठीही दिसतात. आपण 'अँगलर' हाच शब्द वापरू.

राजाचा विनोद

भारतात गळाने मासे धरण्याचं सविस्तर वर्णन करणारा एक जुना ग्रंथ म्हणजे 'मानसोल्लास'. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर तो आहे आणि काळ साधारण ११२९-३१ चा. मराठीच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ वेगळ्या कारणाने ठाऊक असतो, कारण त्यात जुन्या मराठीतल्या ओळी सापडतात. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये गो. कृ. श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला; पहिला खंड १९२५ चा. त्यातल्या करमणुकीच्या भागात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे.

या प्रकरणात माशांचे पस्तीसेक प्रकार आहेत. समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, लहान की मोठे अशी विभागणी आहे. कोणता मासा काय खातो, म्हणून कोणाला कोणतं आमिष लावायचं, हे सांगितलंय. दोरी, काठी, गळ कसा असावा हे आहे. मासे एका जागी जमावेत म्हणून आधीपासून तिथे खाणं टाकत राहायचं, हेही आहे. आजचा अँगलर हेच करतो. १९५१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर लेख लिहिला आणि मग हा मजकूर संस्कृतच्या अभ्यासकांबाहेर पोचला.

आता पहिला प्रश्न लावा. कोणी कोणासाठी लिहिलं? राजाच्या नावाने, राजाने कसं रमावं यासाठी. पण कोणता मासा पिठाच्या गोळीला येतो आणि कोणता मांसाला, हे ज्ञान दरबारात बसून मिळत नाही. ते नदीवर रोज जाणाऱ्या माणसांकडून आलेलं असणार. ग्रंथात ती माणसं ज्ञान देणारी म्हणून दिसत नाहीत, त्यांचं ज्ञान तेवढं दिसतं. हा नमुना लक्षात ठेवा, पुढे तो दोनदा परत येणार आहे.

जाता जाता एक सावधगिरी. 'महसीर' या शब्दाच्या व्युत्पत्ती बऱ्याच सांगितल्या जातात: महाशिर म्हणजे मोठ्या डोक्याचा, महाशल्क म्हणजे मोठ्या खवल्यांचा, किंवा पाण्यातला शेर. तिन्ही ऐकायला छान वाटतात. छान वाटणं हा पुरावा नसतो. सिनॉप्सिसमध्ये व्युत्पत्तीवर इमले बांधू नका.

मुळा-मुठेतलं नाव लॅटिनमध्ये

पुढचा टप्पा पुण्याचा. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई इलाख्यातले लष्करी अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर असताना त्यांनी पक्षी, प्राणी, मासे सगळंच टिपलं. १८३९ मध्ये त्यांचं दख्खनच्या माशांचं वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्यांची एक सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार उपयोगी आहे. अनेक माशांना त्यांनी शास्त्रीय नाव देताना इथे ऐकलेलं स्थानिक नावच घेतलं. नुक्ता, मुसुल्लाह, पोटेल, फुलुंगी अशी नावं आजही लॅटिन नावांच्या शेपटीला दिसतात. मुळा-मुठेतल्या महसीरला त्यांनी 'खुद्री' म्हटलं. आजचं नाव टॉर खुद्री.

म्हणजे साइक्सच्या यादीत काठावर उभं राहून साहेबाला नावं सांगणारे कोणीतरी आहेत. त्यांची स्वतःची नावं कुठेच नाहीत, त्यांचे शब्द मात्र जगभरच्या मत्स्यशास्त्रात आहेत. सोमेश्वराच्या ग्रंथातला नमुना इथे पुन्हा आला.

यातलं 'मुसुल्लाह' हे नाव बाजूला ठेवा. त्याने पुढे बराच घोळ घातलाय.

सामानाची पेटी वाचणं

१८७३ मध्ये हेन्री सुलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' आलं. थॉमस मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी. त्यांचं म्हणणं होतं की, सारख्या वजनाचा महसीर आणि सॅमन घेतला तर महसीर जास्त झुंज देतो. विलायतेत सॅमन हा अँगलरच्या दृष्टीने सगळ्यांत मानाचा मासा. त्यामुळे या एका दाव्याने महसीरचं नशीब पालटलं. आतापर्यंत खाण्याचा किंवा देवळापाशी पाळला जाणारा मासा आता 'स्पोर्ट'चा मासा झाला. पुस्तकाच्या १८८१ आणि १८९७ मध्ये आवृत्त्या निघाल्या.

अशी पुस्तकं वाचताना विद्यार्थी किस्से वाचतात आणि सामानाची पानं उलटून टाकतात. उलट करा. सामानाची पानं आधी वाचा, कारण तिथे लेखकाला बढाई मारायला जागा कमी असते.

त्या काळच्या चांगल्या अँगलरची पेटी उघडली तर काय निघतं? गळ इंग्लंडमधल्या रेडिच गावचे. ते सुयांचं गाव, सुई वाकवली की गळ, म्हणून तो धंदाही तिथेच वाढला. गळाला जोडायची पारदर्शक दोरी रेशमाच्या किड्याच्या आतल्या ग्रंथीपासून ओढून काढलेली. तिचं मोठं केंद्र स्पेनमधलं मुर्सिया. काठी ग्रीनहार्ट नावाच्या लाकडाची, ते दक्षिण अमेरिकेतल्या गयानातून यायचं. किंवा बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेली, आणि अशा काठ्यांसाठी सुरुवातीला वापरला जाणारा बांबू 'कलकत्ता केन' म्हणून ओळखला जायचा. म्हणजे बांबू हिंदुस्थानातून विलायतेला गेला, काठी होऊन साहेबाच्या सामानातून परत आला. साम्राज्याच्या व्यापाराचा नकाशा एका पेटीत मावतो. तंगूस, म्हणजे आजची नायलॉनची दोरी, यातलं काहीच नव्हतं. ती दुसऱ्या महायुद्धानंतर सगळीकडे पसरली.

आता या पेटीची आणि नदीची गाठ पडली तेव्हा काय झालं? सॅमनसाठी बनवलेले गळ महसीरच्या तोंडात चेपून सपाट व्हायचे, तुटायचे. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि तोंडाची पकड जबरदस्त. शंख-शिंपले, खेकडे तो सहज चुरडतो. म्हणून महसीरसाठी जाड, मजबूत गळ वेगळे करावे लागले. हा तपशील छोटा वाटेल, पण बघा: माशाच्या शरीराने कारखान्यातल्या मालाचा आकार बदलायला लावला. पर्यावरणाच्या इतिहासात 'निसर्गाचं कर्तेपण' असा जड शब्दप्रयोग वापरतात. परीक्षेत तो समजावून सांगायची वेळ आली तर हा चेपलेला गळ सांगा.

थॉमस फक्त हौशी नव्हते, मत्स्यसंवर्धनावर सरकारला अहवाल देणारेही होते. १८७३ मध्येच फ्रान्सिस डे यांचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा सरकारी अहवाल आला. बारीक आसाची जाळी, ओढ्यात घातलेले बांध, विष घालून केलेली मासेमारी यांच्यामुळे मासे संपतायत, अशी या अधिकाऱ्यांची तक्रार होती. १८९७ चा इंडियन फिशरीज ॲक्ट याच चर्चेतून पुढे आला. त्याने सुरुंग आणि विष यांवर बंदी घातली; पक्के सापळे, बांध आणि जाळ्यांच्या आकारावर नियम करायचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. काठी आणि गळाचं नाव त्या यादीत वेगळं येत नाही. सुरुंगावरची बंदी योग्यच होती. तरी 'हानिकारक पद्धत' कोणती हे ठरवणाऱ्यांमध्ये स्वतः काठी घेऊन बसणारे लोक होते, आणि सापळा लावणारे नव्हते, हे टिपून ठेवायला हवं.

दोस्ती कोणाकोणाची?

अँगलर लोकांच्या लिखाणात एक ऊब असते. अनोळखी माणसाला आपली गुपितं सांगणं, कोणत्या डोहात काय चाललं ते पत्राने कळवणं, दुसऱ्याच्या माशाचं वजन उदार मनाने मान्य करणं. ही पुस्तकं अशा पत्रांवरच पोसली गेली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये मॅक्डोनाल्ड यांचं 'सर्कमव्हेंटिंग द महसीर' छापलं. कोणत्या नदीवर कधी जावं, उतरावं कुठे, आमिष काय लावावं, असा तो मित्राने मित्राला दिलेला सल्लाच आहे.

या दोस्तीत वजनाचे आकडे फार महत्त्वाचे. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महसीर धरला. हे घराणं शिकारीच्या प्राण्यांत पेंढा भरून देणारं म्हणून प्रसिद्ध. त्याआधी १९१९ मध्ये कावेरीत ११९ पौंडांचा धरल्याची नोंद आहे. भारतात मेट्रिक पद्धत येऊन कैक वर्षं झाली तरी कावेरीवरचे अँगलर पौंडातच मोजत राहिले. असं का? माझं वाचन असं आहे: त्यांना आपला मासा १९१९ आणि १९४६ च्या माशांशेजारी ठेवायचा होता. शेजारी काठी धरून बसलेल्यांइतकेच पूर्वी बसून गेलेलेही त्यांचे सोबती होते. मोजमापाचं एकक हाही पुरावा असतो, ते असा.

पण या सोबतीत न मोजलेली माणसंही आहेत. कावेरीवर मोठ्या महसीरसाठी सगळ्यांत भरवशाचं आमिष कोणतं? नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा. परदेशी रीळ, महागडी काठी, आणि टोकाला नाचणी. हा गोळा किती घट्ट मळायचा, कोणत्या खडकाआड टाकायचा, हे सांगणारे काठावरच्या गावांतले वाटाडे. मासा खडकात घुसून दोरी अडकली की टोपलीसारखी गोल होडी वल्हवत जाऊन ती सोडवणारेही तेच. त्यांतले काही आधी चोरून जाळी लावणारे होते. कॅम्पवर नोकरी मिळाली आणि नदीची राखणही तेच करू लागले. अँगलरांच्या आठवणींत ते बऱ्याचदा नुसत्या पहिल्या नावाने येतात, कौतुकाने येतात, पण विक्रमांच्या यादीत मासा काठी धरणाऱ्याच्या नावावर चढतो. सोमेश्वर, साइक्स, आणि आता हे. तुमच्यापैकी कोणाला मौखिक इतिहासात काम करायचं असेल तर या वाटाड्यांची पिढी हा विषय आहे, आणि ती पिढी म्हातारी होतेय.

नोंदवहीने काय सांगितलं, काय झाकलं

स्वातंत्र्यानंतर धरणं झाली, सुरुंगाची मासेमारी वाढली, आणि कावेरीचा महसीर संपला असं बाहेर मानलं जाऊ लागलं. १९७७-७८ च्या सुमारास इंग्लंडहून तीन तरुण अँगलर शोधायला आले आणि त्यांना मोठे मासे मिळाले. पुढे कावेरीवर कॅम्प उभे राहिले. नियम एकच: धरा, वजन करा, सोडून द्या. त्यांतला एक गालिबोरे. इथल्या व्यवस्थापकांनी १९९८ ते २०१२ अशी पंधरा वर्षं नोंदी ठेवल्या: कोण किती तास बसलं, काय मिळालं, वजन किती.

मत्स्यशास्त्रज्ञांनी नंतर या नोंदी एकत्र केल्या आणि २०१५ मध्ये त्यांवर शोधनिबंध छापले. एकूण २३,६२० तास, ६,१६१ महसीर. वजन १ पासून १०४ पौंडांपर्यंत. भागाकार करून बघा, जवळजवळ चार तासांमागे एक मासा. उरलेला वेळ वाट बघण्याचा आणि गप्पांचा. अँगलरांच्या दोस्तीचं निम्मं स्पष्टीकरण या भागाकारात आहे.

एकूण आलेख आनंदाचा होता. तासामागे मिळणारे मासे वाढत गेले होते आणि सरासरी वजन कमी होत गेलं होतं. याचा सरळ अर्थ: लहान मासे भरपूर येतायत, नवी पिढी तयार होतेय, राखण उपयोगी पडतेय. इथेच थांबलं असतं तर एक छान यशोगाथा लिहून झाली असती.

पण कावेरीत दोन रूपांचे महसीर मिळत होते. एक पाठीवर उंच कुबड असलेला, सोनेरी झाक असलेला. थॉमसच्या पुस्तकापासून ज्याची कीर्ती झाली, विक्रमी वजनाचा, तो हाच. दुसरा निळसर परांचा. नोंदी या दोघांत वेगळ्या केल्यावर चित्र उलटलं. वाढ होती ती सगळी निळ्या परांच्या माशाची. कुबडवाला वर्षागणिक कमी होत होता. आणि जे थोडे मिळत होते ते आकाराने मोठे, म्हणजे म्हातारे. खालून पिल्लं येत नव्हती.

दोन गटांची बेरीज केली की एकाची भर दुसऱ्याची घट झाकते. हे संख्याशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं असतं. इथे त्या बेरजेआड एक प्रजाती संपत होती. आणि हे कळू शकलं ते नोंद ठेवणाऱ्या हौशी डोळ्यांना ती दोन रूपं वेगळी दिसत होती म्हणून. शास्त्रीय पुस्तकांत तोवर कुबडवाल्याला एक पक्कं नावही नव्हतं.

लोणावळ्याची बोटुकली

मग निळ्या परांचा मासा आला कुठून? इथे गोष्ट पुन्हा महाराष्ट्रात येते. लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे तलाव आहेत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेले. तिथे वळवणला १९७० च्या दशकात महसीरचं बीज तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. चं. वि. कुलकर्णी हे महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यातले ज्येष्ठ अधिकारी; खुद्रीची अंडी आणि पिल्लांची वाढ यांवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. स. ना. ओगले यांच्यासोबत त्यांनी कृत्रिम प्रजननाचं तंत्र बसवलं. हे काम खरोखर मोठं होतं. धरणांनी आणि प्रदूषणाने दख्खनच्या नद्यांतला महसीर आटत असताना या केंद्राने लाखोंनी बोटुकली तयार केली आणि वेगवेगळ्या राज्यांना दिली.

त्यांतली काही कावेरीत गेली. मासा तोच, साइक्सने मुळा-मुठेतून वर्णन केलेला टॉर खुद्री. पण तो कृष्णा खोऱ्यातला. कावेरीला तो पाहुणा. महसीर कमी होतोय, म्हणून महसीर सोडूया, इतका साधा आणि प्रेमाचा हेतू. बीजकेंद्राच्या हिशेबात किती बोटुकली कुठे पाठवली याचा रकाना असतो. ज्या पाण्यात ती पडली तिथे आधी कोण राहत होतं, याचा रकाना तेव्हा कोणाच्याच वहीत नव्हता.

कुबडवाला फक्त या पाहुण्यामुळे संपत चालला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग आहेत. अभ्यासकांचा संशय पाहुण्यावर आहे, आणि दोन आलेख एकमेकांना छेदतात हे खरं. पण एकाच वेळी घडणं म्हणजे एकामुळे दुसरं घडणं नव्हे. व्हायवात हाच प्रश्न येतो.

नाव मिळालं, पण कधी?

मघाशी बाजूला ठेवलेलं 'मुसुल्लाह' आता काढू. अँगलरांच्या आणि शास्त्रज्ञांच्याही लिखाणात कावेरीचा कुबडवाला कधी टॉर मुसुल्लाह, कधी टॉर खुद्री, कधी हिमालयातल्या महसीरच्या नावाने येत राहिला. पुढे साइक्सचं मूळ वर्णन तपासल्यावर दिसलं की त्याचा मुसुल्लाह हा टॉर कुळातला महसीर नव्हेच, तो वेगळ्याच कुळातला मासा. म्हणजे दख्खनमध्ये ऐकलेलं एक नाव, दूरच्या नदीतल्या दुसऱ्याच माशाला चिकटून राहिलं होतं.

२०१८ मध्ये, शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासून, कुबडवाला म्हणजे टॉर रेमादेवी हे ठरलं. हे नाव केरळातल्या पांबार नदीतल्या माशाला आधीच दिलं गेलं होतं, झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातल्या के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ. पांबारही कावेरीच्याच खोऱ्यातली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. १८७३ पासून जगभर कीर्ती असलेल्या माशाला पक्की ओळख मिळायला १४५ वर्षं लागली. नाव नसेल तर यादीत जागा नाही, आणि यादीत जागा नसेल तर त्याच्यासाठी वेगळी योजना नाही.

दरम्यान गालिबोरेची वही बंद झाली होती. तो पट्टा कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो; वन्यजीव कायद्याखाली तिथली गळाची मासेमारी थांबली आणि २०१२ नंतर नोंदीही थांबल्या. अँगलर म्हणतात, आम्ही गेलो आणि सुरुंगवाले परत आले. हा दावा म्हणूनच वाचायला हवा, कारण सांगणाऱ्याचा त्यात हितसंबंध आहे. दुसऱ्या बाजूने, अभयारण्यात करमणुकीसाठी प्राण्याला गळ टोचणं कितपत बसतं, हा प्रश्नही खरा आहे. वादात बाजू घेण्याआधी एवढं बघा: २०१२ नंतर त्या पाण्याची तशी तासवार नोंद उरली नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं सिद्ध करणं अवघड झालंय.

तुमच्या कामासाठी

हौशी लोकांचे कागद हाताळताना मी तीन गोष्टी करायला सांगेन.

एक, मजकूर वाचण्याआधी रकाने उतरवून घ्या. वजन आहे, तास आहेत, वाटाड्याचं नाव आहे का? सोडलेला मासा मोजलाय का? काहीच न मिळालेला दिवस लिहिलाय का? रिकाम्या हाताने गेलेला दिवस जिथे लिहिला जात नाही, तिथली सरासरी वापरू नका.

दोन, बेरीज करण्याआधी गट पाडा. लिहिणाऱ्यांनी जे फरक स्वतःहून टिपलेत, सोनेरी-निळा, डोहातला-खळाळातला, ते 'अशास्त्रीय' म्हणून खोडू नका. गालिबोरेत नेमका तोच फरक कामाला आला.

तीन, गळ न टाकणाऱ्यांकडेही जा. महाडजवळ वाळणकोंडीला देवीच्या नावाने महसीर राखलेत. लोक त्यांना कुरमुरे घालतात, धरत नाहीत. तिथे वजनाची वही नाही, पण पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे. नदीकाठच्या भोई घरांतही माशांची अशी नावं आणि हंगाम सापडतील, जे कुठल्याच कॅम्पच्या वहीत नाहीत.

आणि तुमच्या गावच्या तलावावर कोणी काका दर रविवारी काठी घेऊन बसत असतील, तर त्यांच्याकडे जुनी डायरी आहे का, ते विचारून या. असली तर आधी परवानगी घ्या, मग पानांचे फोटो काढा, मूळ वही त्यांच्याकडेच राहू द्या. आणि वहीत नसलेलं तोंडी विचारा: पूर्वी मिळायचा आणि आता मिळत नाही, असा मासा कोणता?